जी. ए. कुलकर्णी : धारवाडच्या उजेडात रंगवलेला समुद्र

मडगावहून सुटलेली गाडी कुळे सोडून घाट चढू लागते, दूधसागरचा पांढरा पट्टा खिडकीशी येऊन जातो, कॅसलरॉकला धुके असते आणि लोंढ्यानंतर हळूहळू झाडी विरळ होत जाते. धारवाड येईपर्यंत आकाश मोठे झालेले असते. गोव्यातून निघालेल्या माणसाला पहिल्यांदा जाणवतो तो हा उजेडातला फरक. आपल्याकडे उजेड झाडांतून, पाण्यावरून, ओल्या भिंतींवरून परतून येतो. तिकडे तो सरळ अंगावर येतो. धारवाड मलनाड आणि मैदान यांच्या नेमक्या सांध्यावर बसले आहे. पश्चिमेला तांबडी माती, टेकड्या आणि पावसाळी रान. पूर्वेला हुबळीच्या बाजूने सुरू होणारी काळी कापसाची जमीन. समुद्र इथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, घाटाच्या खाली. पावसाळ्यात त्याचा वारा तेवढा वर येतो, समुद्र येत नाही.

या गावात सुमारे तीस वर्षे इंग्रजीचा एक प्राध्यापक राहत होता. डोळ्यांवर कायम काळा चष्मा. सभासमारंभांचे वावडे, छायाचित्राला नकार, दारात आलेल्या अनोळखी चाहत्याविषयी धास्ती. संध्याकाळी क्लबात पत्त्यांचा डाव. बाजारात त्यांना ओळखणाऱ्या बहुतेकांची भाषा कन्नड होती आणि ते मराठीतले केवढे मोठे कथाकार आहेत याची त्यांतल्या अनेकांना कल्पना नसावी. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव मराठी वाचकालाही पटकन आठवत नाही. जी. ए. ही दोन अक्षरे मात्र पुरतात.

त्यांची जन्मशताब्दी २०२३ साली होऊन गेली. त्या निमित्ताने जे लिहिले-बोलले गेले त्यात नियती हा शब्द वारंवार आला, मृत्यू आला, एकाकीपणा आला. हे सारे खरेच आहे. परंतु जी.एं.च्या कथा पुन्हा वाचताना मला दर वेळी आधी दिसतो तो उजेड. कोणत्या प्रहराचा, कुठून आलेला, कशावर पडलेला. कथेतली माणसे, त्यांची नावे, त्यांच्या हकिकती काही वर्षांनी पुसट होतात. पण एखाद्या भिंतीवर सरकत गेलेले ऊन किंवा अंधाऱ्या माजघरातल्या दिव्याचा पिवळा डाग मनात तसाच राहतो. जी.ए. हौसेने चित्रेही काढीत, ही गोष्ट त्यांच्या कथा वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांचे आयुष्य सांगताना म्हणून मी त्यांच्याकडे थोडे चित्रकार म्हणून पाहणार आहे.

जन्म १० जुलै १९२३ रोजी, बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचा. बालपण व शिक्षण बेळगावात. शाळा बेनन स्मिथ हायस्कूल, पुढे लिंगराज महाविद्यालय. तेव्हाचे बेळगाव म्हणजे मुंबई इलाख्यातले, मराठी आणि कन्नड एकाच अंगणात बोलल्या जाणारे गाव. जुने वाडे, परसातली विहीर, चिंचोळ्या बोळातून अचानक उघडणारे पटांगण, उत्सवात गावभर फिरणारे विचित्र लोक. हे सारे त्यांच्या कथांत पुढे इतक्या बारकाव्याने उतरले की बेळगावच्या माणसाला ती घरे बोटाने दाखवता येतील असे वाटते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी लिहिलेल्या आणि निधनानंतर १९८८ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ मध्ये या बालपणीच्या जगाकडे त्यांनी पुन्हा एकदा, बऱ्याच मोकळ्या मनाने पाहिले आहे.

परंतु त्या जगाला लवकरच तडे गेले होते. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपले. घरातले आणखी काही मृत्यू त्यांनी कोवळ्या वयात पाहिले. मावशीचे घर हे त्यांचे घर झाले आणि मावसबहिणी याच सख्ख्या बहिणी झाल्या. त्यांच्यासाठी ते बाबुआण्णा होते. लग्न त्यांनी केले नाही. धारवाडच्या घरात या बहिणींच्या शिक्षणाची, संसाराची काळजी वाहणारा वडीलधारा भाऊ ही त्यांची एक ओळख आहे, आणि काळ्या चष्म्याआडच्या गूढ लेखकाच्या प्रतिमेशी ती अजिबात जुळत नाही. धाकट्या बहिणीने, नंदा पैठणकर यांनी, त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘प्रिय बाबुआण्णा’ असे आहे. ते वाचले की लक्षात येते की हा माणूस विक्षिप्त म्हणून गाजला, पण घरात तो थट्टेखोर होता, मायाळू होता, माणसांच्या लकबी हेरून हसवणारा होता.

इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्यावर त्यांनी अध्यापनाची वाट धरली आणि ती धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात स्थिरावली. निवृत्तीपर्यंत ते तिथेच शिकवीत होते. मधल्या काळात भोवतालचे राज्य बदलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, १९६२ साली हुबळी आणि धारवाड यांची मिळून एक महापालिका झाली, १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जाई. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे नवे नाही, आणि पोर्तुगीज, कोकणी, मराठी यांच्या मध्ये वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीलाही नवे वाटू नये. भाषेचा वाद डोक्यावर न घेता एका भाषेत राहायचे, दुसरीत पोट भरायचे आणि तिसरीत भाजी आणायची, ही कला गोमंतकीयांना चांगली ठाऊक आहे. जी.एं.च्या मराठीत कन्नड मातीतले शब्द, नावे, हेल सहज मिसळलेले असतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यामुळे त्यांची भाषा थोडी परकी आणि म्हणून अधिक गूढ वाटते. बेळगाव-धारवाडच्या वाचकाला ती घरची वाटते. हा भेद समीक्षेत फारसा मोजला गेलेला नाही.

धारवाडची त्या काळची ऐपत काही लहान नव्हती. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू याच गावचे, गंगूबाई हनगल शेजारच्या हुबळीत. साधनकेरीच्या तळ्याकाठी द. रा. बेंद्रे राहत, कन्नडचे हे महाकवी घरी मराठी बोलत. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्रे यांना (गोपीनाथ मोहंती यांच्यासह) मिळाला आणि त्याच सालचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार जी.एं.ना. एका मध्यम गावात, एकाच वर्षी, दोन वेगळ्या भाषांतले हे दोन मान. असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

कथा ते ‘सत्यकथे’त लिहू लागले तेव्हा मराठीत नवकथेचा बहर होता. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे ही नावे गाजत होती. जी.ए. त्यांच्या मागून आले आणि त्यांच्यापैकी कोणाच्याच वाटेने गेले नाहीत. मुंबईची चाळ, कारकुनाचे मन, माणदेशी खेडे यांपैकी काही त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याकडे होता एक विशिष्ट प्रकाश. पहिला संग्रह ‘निळासावळा’ १९५९ साली आला, पाठोपाठ १९६० मध्ये ‘पारवा’, १९६२ मध्ये ‘हिरवे रावे’, १९६६ मध्ये ‘रक्तचंदन’, १९७२ मध्ये ‘काजळमाया’, १९७५ मध्ये ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’, १९७७ मध्ये ‘पिंगळावेळ’. ही नावे एका ओळीत पुन्हा वाचून पाहावीत. निळा, करडा, हिरवा, लाल, मग काजळाचा काळा. त्यानंतर रंग संपतात आणि प्रहर सुरू होतात. सांजेचा संधिप्रकाश, आणि पिंगळा बोलतो ती पहाटेपूर्वीची वेळ. निवडक कथांचा संग्रह म. द. हातकणंगलेकर यांनी संपादित केला, त्याचे नाव ‘डोहकाळिमा’. शब्दांत लिहिणारा माणूस आपल्या पुस्तकांना इतक्या सातत्याने रंगांची आणि वेळांची नावे देतो, तेव्हा तो मनाशी फलक घेऊनच बसलेला असतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आरंभीच्या संग्रहांतला उजेड घरातला आहे. सीमाभागातली कुटुंबे, दारिद्र्य, पोरकेपण, मनातल्या मनात कुजत गेलेली नाती. तिथे ऊन कौलाच्या फटीतून येते, धुळीच्या कणांतून तिरके उतरते, एखाद्या जुन्या पितळी भांड्यावर थांबते. ‘कैरी’ या कथेतल्या पोरक्या लेकराचे जग अशाच उजेडाचे आहे. अमोल पालेकर यांनी २००० साली तिच्यावर चित्रपट केला तेव्हा त्यांनाही प्रथम झाडांची आणि उन्हाची भाषा शोधावी लागली. उत्तरार्धातल्या कथांत भिंती नाहीशा होतात. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांचे देश कोणत्याही नकाशावर नाहीत. तिथे ओसाड नगरे आहेत, देवळे, वाळू, पाणी, क्षितिज आहे आणि त्या विस्तारातून चालत जाणारा एक मनुष्य आहे, ज्याला काहीतरी विचारायचे आहे. ‘सांजशकुन’मधल्या लहान रूपककथांतही असाच विस्तीर्ण, निर्जन पट पसरलेला असतो.

इथे एका परक्या चित्राची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. कास्पार डेव्हिड फ्रीडरिश हा जर्मन चित्रकार १७७४ साली बाल्टिक समुद्राच्या काठी ग्राइफ्सवाल्ड या गावात जन्मला. सातव्या वर्षाच्या आसपास त्याची आई गेली. तेरा वर्षांचा असताना धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बर्फ फुटून पाण्यात बुडाला. चित्रकार म्हणून तो आयुष्यभर राहिला ड्रेस्डेनमध्ये, म्हणजे समुद्रापासून कित्येक मैल आत, एल्ब नदीच्या काठी. त्याची खोली जवळजवळ रिकामी असे. टेबल, खुर्ची, चित्राची घडवंची आणि खिडकी. त्या खोलीत बसून त्याने १८०८ ते १८१० या काळात समुद्राकाठी उभ्या असलेल्या एका साधूचे चित्र केले. सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर उंच आणि एक मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद असा हा पट. त्यात खाली फिकट वाळूची पट्टी, तिच्यावर काळ्याशा समुद्राची अरुंद रेघ आणि बाकी सारे आकाश. साधू बोटाच्या पेराएवढा, पाठमोरा. मुळात समुद्रावर गलबते काढलेली होती. ती त्याने नंतर पुसून टाकली. १८१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे चित्र पाहून लोक गोंधळले, कारण नजर टेकवायला त्यात काही नव्हते. प्रशियाच्या राजाने ते विकत घेतले, ते आजही बर्लिनमध्ये आहे.

निसर्गचित्रात एरवी प्रकाश वस्तू दाखवण्यासाठी असतो. स्वच्छंदतावादी चित्रकारांनी वस्तू बाजूला सारल्या आणि प्रकाशालाच विषय केले. फ्रीडरिशचा समकालीन, इंग्लंडचा टर्नर, यानेही तेच केले, पण त्याची रीत नेमकी उलट. टर्नरच्या समुद्रात वादळ, वाफ, हिम, सूर्य एकमेकांत घुसळून निघतात आणि पाहणारा भोवऱ्यात सापडतो. फ्रीडरिशचा समुद्र हलत नाही. त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याला काहीही होत नाही, आणि हेच असह्य होते. वातावरणाचा भाव म्हणतात तो असा येतो : एकच रंग थोडा थोडा बदलत वर जातो, क्षितिजापाशी काळोख दाट होतो, वर कुठेतरी एक फिकट फट राहते, आणि माणूस इतका लहान केला जातो की त्याचे दुःख सांगण्याची गरजच उरत नाही.

जी.एं.नी हे चित्र पाहिले होते की नाही हा मुद्दा नाही. मुद्दा असा की धारवाडच्या पठारावर बसलेला हा लेखक त्याच रीतीने दृश्य रचतो. आधी क्षितिज. मग प्रहर. मग जमिनीचा रंग. मग सर्वांत शेवटी, लहानसा, माणूस. गलबते पुसून टाकण्याची त्यांनाही सवय होती. उत्तरकाळातल्या कथांतून गावाचे नाव, जात, साल, नोकरी असा सगळा आधार त्यांनी काढून घेतला. टीका झाली ती यावरूनच. सामाजिक वास्तव सोडून ते दंतकथांच्या धुक्यात शिरले, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ही टीका अर्धीच पटते. आधार काढून घेतल्याने काही कथांत प्रतिमांचे ओझे वाढले आणि उपमेवर उपमा रचल्या गेल्या, हे खरे. सलग वाचताना दम लागतो, हेही खरे. पण जिथे ते जमले तिथे मराठी गद्याने पूर्वी कधी न पाहिलेले आकाश उघडले.

‘स्वामी’ ही कथा घ्या. एका प्रवाशाला मठात नेऊन, स्वामी म्हणून, जमिनीखालच्या खोलीत कायमचे कोंडले जाते. सेवा होते, अन्न मिळते, फक्त बाहेर पडता येत नाही. बाहेरच्या जगाशी त्याचा दुवा म्हणजे वर गेलेली हवेची वाट. कथा जसजशी पुढे जाते तसतसा अंधार इतका दाट होतो की वाचकालाही श्वास कोंडल्यासारखे वाटते, आणि त्याच अंधारातून एक वेल उजेडाकडे वर चढत जातो. साऱ्या कथेत रंग असा तो एकच. हिरव्या रंगाचा एवढा जपून केलेला वापर मी दुसऱ्या कोणत्या मराठी कथेत पाहिलेला नाही. जी.एं.ना निराशावादी म्हणणाऱ्यांनी त्या वेलाकडे पुन्हा एकदा पाहावे. ‘ऑर्फियस’मध्येही त्यांनी ग्रीक पुराणातली कथा निवडली ती अंधाराच्या राज्यातून उजेडाकडे चढत येण्याची आणि उंबरठ्यावर मागे वळण्याची.

गोव्यात वाढलेल्या वाचकाला जी.एं.चा हा उजेड प्रथम अनोळखी वाटतो. आपल्या मनातला मराठी कवितेतला प्रकाश बाकीबाब बोरकरांचा आहे : माडांतून गळणारा, पाण्यावर नाचणारा, देहाला आणि देवाला एकाच वेळी स्पर्श करणारा. बोरकरांना समुद्र सखा होता. जी.एं.च्या जगात समुद्र सखा नाही, शत्रूही नाही. तो फक्त आहे, माणूस येण्यापूर्वी होता तसा. पर्यटकांच्या जाहिरातीतला निळा समुद्र तर तो नव्हेच. परंतु जुलै महिन्यात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असताना, मासेमारी बंद असताना, करड्या पाण्यावर करडे आकाश टेकलेले असताना संध्याकाळी मिरामारला किंवा बेतूलला उभे राहून पाहावे. वाळू आणि पाणी यांतली रेघ मिटलेली असते. अशा वेळी बोरकर आठवत नाहीत, जी.ए. आठवतात.

त्यांच्या अनुवादांकडेही याच नजरेने पाहण्यासारखे आहे. अनुवाद हे पोटापाण्याचे किंवा फावल्या वेळचे काम समजले जाते, पण जी.एं.नी निवडलेली पुस्तके त्यांच्या स्वतःच्या पटाशी जुळणारी आहेत. अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर यांची तीन भागांची कादंबरी त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणली. ओहायोच्या प्रदेशात एक कुटुंब प्रथम येते तेव्हा टेकडीवरून त्यांना खाली रान दिसते ते समुद्रासारखे. झाडांच्या शेंड्यांचा न संपणारा पृष्ठभाग, आत उतरले की सूर्य नाही. त्या अंधाराशी झुंजत सेवर्ड नावाची मुलगी बाई होते, म्हातारी होते, रानाचे शिवार आणि शिवाराचे गाव होते, आणि अखेरीस तिला तोडलेल्या झाडांचीच आठवण छळते. रिक्टर यांचेच दुसरे पुस्तक ‘रानातील प्रकाश’ या नावाने आले. विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरीही त्यांनी मराठीत नेली : चोहीकडे समुद्र, मध्ये एक बेट, कडक ऊन, आणि त्या उन्हात हळूहळू रानटी होत जाणारी शाळकरी मुले. समुद्रकाठच्या उजेडाचा इतका निर्दय उपयोग गोल्डिंगने केला आहे की तो मराठीत आणायला जी.एं.सारखाच अनुवादक हवा होता.

‘काजळमाया’ला मिळालेल्या पुरस्काराची हकिकत थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्यात या माणसाचा पीळ दिसतो. पुरस्कार जाहीर झाल्यावर पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला. ते पुस्तक नियमात बसते की नाही, असा तांत्रिक प्रश्न उपस्थित झाला. लेखकाचा त्यात काही दोष नव्हता. दुसरा कोणी असता तर खुलासे करीत बसला असता किंवा गप्प राहून सन्मान ठेवून घेतला असता. जी.एं.नी पुरस्कार परत करून टाकला आणि ते पुन्हा आपल्या वर्गाकडे व पत्त्यांच्या डावाकडे वळले. त्यावर सभा घेतल्या नाहीत, लेख लिहिले नाहीत. पुरस्कार परत करणे ही आता मोठी जाहीर घटना असते, म्हणून त्यांचे ते शांतपणे बाजूला होणे अधिकच उठून दिसते.

लोकांपासून ते दूर राहिले, माणसांपासून नव्हे. याचा पुरावा म्हणजे त्यांची पत्रे. मौज प्रकाशनाने त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड काढले. पहिल्या खंडातली पत्रे सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली आहेत, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी.ए.’ या पुस्तकात आहेत. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकीकडे पुण्या-मुंबईच्या सांस्कृतिक जगाच्या ऐन मध्यावर राहणारी स्त्री, दुसरीकडे धारवाडसारख्या आडगावी दार लोटून बसलेला पुरुष; प्रत्यक्ष भेटी मोजक्या आणि कागदावर मात्र पुस्तके, माणसे, प्राणी, प्रवास, मरण यांविषयी अखंड गप्पा. समोरासमोर चार माणसांत जो अवघडून जाई, तो पत्रात किती प्रसन्न, किती खट्याळ होता हे पाहून त्यांच्या कथांचे भक्तही चकित झाले. मला वाटते, काळा चष्मा हाही असाच एक लोटलेला दरवाजा होता. ज्याच्या लेखनात उजेडाच्या एवढ्या छटा आहेत त्याने जगाकडे नेहमी काळ्या काचेतून पाहावे, यातली गंमत त्यांना स्वतःला नक्कीच कळत असणार.

मुलांसाठीही त्यांनी लिहिले, आणि ते वाचले नाही तर जी.ए. अर्धेच कळतात. ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ या नावातच रंग आहे. ‘बखर बिम्मची’ १९८६ साली आले. बिम्म हा अगदी लहान मुलगा. त्याच्या डोळ्यांना प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच दिसते. त्यात नियती नाही, शाप नाहीत, ओसाड नगरे नाहीत. सकाळचे ऊन आहे. कथांमध्ये ज्या माणसाने सांज आणि मध्यरात्र इतकी रंगवली, त्याने साठी ओलांडल्यावर शेवटच्या आजारपणाच्या उंबरठ्यावर हे कोवळे ऊन कागदावर उतरवले. आमच्या घरी ते पुस्तक माझ्या भाचीला वाचून दाखवताना तिला लेखकाचे नाव सांगितले, तर तिने विचारले की हे आजोबा नेहमी हसत असत का. मी हो म्हणून टाकले. बाबुआण्णांपुरते ते उत्तर चुकीचे नसावे.

निवृत्तीनंतर प्रकृती ढासळू लागली. उपचारांसाठी धारवाड सोडून पुण्याला बहिणीकडे जावे लागले. गाव सोडणे त्यांना जड गेले असणार. ज्या माणसाने मोठ्या शहरांची निमंत्रणे आयुष्यभर टाळली, त्याला शेवटी त्याच शहराच्या आसऱ्याला जावे लागले. रक्ताच्या कर्करोगाने ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट. ‘डोहकाळिमा’ त्याच वर्षी आले. मागे राहिलेल्या कथा ‘कुसुमगुंजा’, ‘आकाशफुले’ आणि ‘सोनपावले’ या संग्रहांतून पुढच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या नावांतही फुले आणि रंग आहेत.

मागच्या पावसाळ्यात एका कामासाठी हुबळीला गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी बसने धारवाडला जाऊन आलो. वीस किलोमीटरची वाट. नवलूरच्या चढापाशी पाऊस थांबला, पश्चिमेकडे ढगांच्या खाली एक फट उघडली आणि काळ्या शेतांवर, ओल्या रस्त्यावर, बसच्या काचांवर तांबूस उजेड आडवा पसरला. पाचेक मिनिटे तो राहिला असेल. बसमधले लोक मोबाइलवर बोलत होते, कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी वाद घालत होता. ती फट ज्या दिशेला होती तिकडे खाली, घाटापलीकडे, कारवार आणि काणकोणचा किनारा होता. धारवाडच्या स्थानकावर उतरेपर्यंत काळोख झाला आणि पेढ्यांच्या दुकानांतले दिवे लागले होते.